चार कप्प्यांचं प्लॅस्टिक ग्रीनहाउस मुंबईत घ्यावं का?

'मिनी ग्रीनहाउस' या नावाखाली ऑनलाइन जे खोकं मिळतं त्यावरची नावं वेगवेगळी असतात, आतला माल जवळपास एकच असतो. लोखंडी बारीक पाइपांचा सांगाडा, प्लॅस्टिकचे कनेक्टर, तारेच्या जाळीचे चार कप्पे, आणि सगळ्यावरून घालायचं पारदर्शक कव्हर, ज्याला समोरून चेन असते. माप साधारण ६९ सेंमी रुंद, ४९ सेंमी खोल आणि १५८ ते १६० सेंमी उंच. किंमत विक्रेत्यागणिक बदलते, पण दोन ते चार हजारांच्या मधे कुठेतरी.

निकाल आधीच सांगते. जशी विकतात तशी वापरायची असेल तर मुंबईत ही वस्तू घेऊ नका. सांगाडा ठेवून कव्हर काढलं, वर चांगली फिल्म आणि बाजूंना जाळी लावली, तर मात्र जून ते ऑक्टोबर हिच्याइतकी उपयोगी चीज गच्चीवर दुसरी नाही. कारण एकच: ही बनवली आहे थंडी अडवायला, आणि आपल्याला अडवायचा असतो पाऊस.

सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, जानेवारी १९६२ मधलं. म्हणजे इतक्या वर्षांतल्या सर्वांत गारठलेल्या रात्रीही दव गोठलं नाही. एरवी जानेवारीत पहाटे १६-१७ अंश असले की आपण स्वेटर काढतो आणि टोमॅटो खूश होतो. उलट बाजूला मार्च १९५६ मध्ये याच शहरात पारा ४१.७ वर गेला होता. बंद प्लॅस्टिकच्या एवढ्याशा पेटीवर सरळ ऊन पडलं तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज चढतं. पेटी जितकी लहान तितकी ती लवकर तापते, कारण आत हवाच थोडी. बाहेर ३३ असताना आत ४५ म्हणजे रोपं दुपारपर्यंत उकडून निघणार. वर्णनात लिहिलेलं असतं की 'दिवसा चेन उघडा, रात्री लावा'. इथे रात्री लावून काय मिळवायचं? टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान १५ ते २१ च्या दरम्यान हवं असतं. एप्रिल-मेमध्ये मुंबईची रात्रच २५-२७ अंशांची असते, तिला आणखी ऊब देण्यात काही अर्थ नाही.

आता खोक्यातल्या मालाकडे.

पाइप साधारण १६ मिमी व्यासाचे, पातळ पत्र्याचे, वरून हिरवा किंवा काळा पावडर कोट. बाहेरून रंग ठीक असतो. गंज धरतो तो कापलेल्या टोकांना, कारण तिथे पत्रा उघडा असतो आणि टोक कनेक्टरमध्ये गेल्यावर दिसत नाही. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मढ अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात हा गंज आतून लवकर खातो. उपाय सोपा आहे आणि तो जोडणीच्या आधीच करायचा. प्रत्येक टोक काचपेपरने घासून त्यावर झिंकयुक्त प्रायमरचा हात द्यायचा, आतल्या बाजूलाही सुमारे एक इंच. वाळायला एक रात्र द्यायची. खाली जमिनीला टेकणाऱ्या चार पायांना रबरी बूच लावायचे. ते खोक्यात असतीलच असं नाही, हार्डवेअरवाल्याकडे खुर्चीच्या पायांचे मिळतात. पाय पाण्यात उभे राहिले तर प्रायमरही फार टिकत नाही, तेव्हा पायांखाली फरशीचा तुकडा ठेवणं उत्तम.

कनेक्टर हा या वस्तूचा सगळ्यांत कच्चा भाग. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि नेमकं कोपऱ्यावर तडकतं. जोडताना काही जण पाइपवर सॉल्व्हेंट सिमेंट लावतात. ते पीव्हीसी पीव्हीसीला चिकटवण्यासाठी असतं, रंगवलेल्या लोखंडावर धरत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जोडात ३ मिमीचं भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा छोटा सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारा. साध्या लोखंडी स्क्रूचा पहिल्याच पावसाळ्यात तांबडा ओघळ उतरतो. स्क्रू खालच्या बाजूने मारला की भोकात पाणी साचत नाही. 

जोडणीचा क्रम पत्रकात चित्रांनी दिलेला असतो आणि तो बरोबर असतो. पत्रकात नसलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तळाचा आयत जोडल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. दोन्ही सारखे आले तरच पुढे जायचं. फरक अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर वर चढताना तो वाढत जातो, कप्पे एका बाजूला झुकतात आणि कव्हरची चेन ओढली जाऊन अडकते. चेन खराब निघाली अशी जी तक्रार परीक्षणांत दिसते तिच्यामागे बहुतेक वेळा वाकडा सांगाडा असतो. दुसरी गोष्ट, मागच्या बाजूला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेची फुली. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत एक, आणि उलट दुसरी, दोन्ही पक्कडने पिळून ताणलेल्या. ही फुली नसेल तर वाऱ्यात सांगाडा चौकोनाचा समांतरभुज होतो आणि कनेक्टर एकामागोमाग सुटतात. दोन्ही बाजूंनाही अशीच फुली दिली तर उत्तम, पण मागची तरी टाळू नका.

कप्प्यांची जागा दिसते त्याहून कमी आहे. आतलं वापरण्याजोगं माप जवळपास ६० बाय ४५ सेंमी. नर्सरीतला ९८ खळ्यांचा प्रोट्रे (बी पेरायचा ट्रे) साधारण ५४ बाय २८ चा असतो. म्हणजे एका कप्प्यावर दोन ट्रे बसत नाहीत. एक ट्रे मागे, आणि पुढे ६ इंची चार कुंड्या, एवढंच. ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला ट्रे दोन-अडीच किलोंचा, ६ इंची भरलेली कुंडी सुमारे दोन किलोंची. हा दहा-अकरा किलोंचा भार जाळीला झेपतो. ८ इंची सहा कुंड्या मात्र बसतात म्हणून ठेवू नयेत. लाल माती आणि शेणखत भरून पाणी दिलेली ८ इंची कुंडी सात-आठ किलोंची भरते, सहांचे झाले पंचेचाळीस किलो, आणि जाळी मधे पोटासारखी खाली येते. जाळी वाकली की कडेच्या तारेचं वेल्डिंग सुटतं. मोठ्या कुंड्या ठेवायच्याच असतील तर फक्त सर्वांत खालच्या कप्प्यावर, आणि त्या कप्प्याखाली चार विटा सरकवून. दोन कप्प्यांत अंतर ३० ते ३५ सेंमी असतं, तेव्हा उंच वाढणारं काही इथे वाढवायचं नाही. ही रोपांची आणि लहान कुंड्यांची जागा आहे. वांगी-टोमॅटो शेवटपर्यंत आत ठेवता येतील असं चित्रात दाखवतात, पण ते चित्रापुरतंच खरं.

वाऱ्याचा हिशोब विक्रेता कधीच देत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर.

ताशी ६० किलोमीटरचा वारा सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरमागे सुमारे १७ किलोंचा जोर देतो. बंद कव्हर घातलेल्या या पेटीची समोरची बाजू १.१ चौरस मीटर भरते, म्हणजे जोर १९ किलो. हा जोर साधारण मध्यावर, जमिनीपासून ८० सेंमीवर लागतो, आणि पेटीची खोली अर्ध्या मीटरहूनही कमी. पेटी पालथी होऊ नये यासाठी तिचं एकूण वजन ६० किलोंच्या वर हवं. सांगाडा आणि कव्हर मिळून पाच-सहा किलो, भरलेले चार कप्पे चाळीस. गणित इथेच चुकतं. वेग १०० वर गेला की जोर दुप्पट नाही, पावणेतीनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. तेव्हा लागणारं वजन १७० किलोंच्या घरात जातं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रातून पुढे गेलं त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरहून वेगाने वाहिले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. दोन्ही तारखा मोसमी पावसाच्या आधीच्या आहेत, म्हणजे नेमक्या त्या दिवसांतल्या जेव्हा लोक गच्चीवर नवीन कव्हर चढवत असतात.

सात मजल्यांवरून पाच किलोंचा लोखंडी सांगाडा खाली पडणं ही बागेची अडचण राहत नाही, ती पोलिसांची होते. म्हणून:

वजन खाली हवं. प्रत्येकी ४० किलो वाळूच्या दोन गोण्या तळाच्या कप्प्यावर, खाली विटा देऊन. वाळू नको असेल तर २० लिटरचे पाणी भरलेले चार कॅन, प्रत्येक कॅन एकेका पायाला नायलॉनच्या दोरीने आवळून. कॅनची झाकणं घट्ट हवीत, त्याचं कारण पुढे येईल.

वजनाशिवाय बांधणीही हवी, आणि ती दोन उंचीवर: एक वरच्या कप्प्याच्या पातळीवर, एक मधल्या. बांधायचं ते पक्क्या गोष्टीला, म्हणजे गच्चीच्या रेलिंगच्या लोखंडी खांबाला किंवा भिंतीत आधीपासून असलेल्या हुकाला. पाण्याच्या टाकीच्या पाइपला कधीही नाही. सुतळी उन्हापावसात कुजते, काळी नायलॉन दोरी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेली जीआय तार वापरा. पांढरे केबल टाय उन्हात काही महिन्यांत तुटतात, काळे जास्त टिकतात.

कठड्याच्या माथ्यावर ड्रिलने भोकं पाडून अँकर ठोकण्याचा सल्ला ऑनलाइन दिला जातो. चायना मोझॅकच्या (फुटक्या टाइल्सच्या) किंवा ब्रिकबॅट कोब्याच्या (विटांचे तुकडे घालून केलेल्या) गच्चीवर हे करू नका. एका भोकातून वॉटरप्रूफिंगच्या खाली पाणी शिरलं की ती ओल वरच्या मजल्याच्या छतावर कुठेतरी दूरच फुटते, आणि त्याचं बिल कुंड्या ठेवणाऱ्याच्या नावावर येतं.

जागा निवडताना एक गोष्ट पाळली की निम्मं काम होतं. लिफ्टरूमच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीच्या पूर्वेला सांगाडा ठेवा, पाठ भिंतीकडे. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तो भिंत अडवते. मार्च ते मे दुपारी दोननंतरचं भाजणारं ऊन पश्चिमेचंच असतं, तेही भिंतच अडवते. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेकडून मिळतं, रोपांना ते पुरतं. भिंतीत आणि सांगाड्यात मात्र सहा इंच जागा सोडा, नाहीतर हवा खेळत नाही आणि भिंतीचा रंग शेवाळतो.

कव्हर दोन प्रकारची येतात. काचेसारखं आरपार दिसणारं पीव्हीसी आणि हिरवट चौकड्यांचं जाळीदार पॉलिथिन. पीव्हीसी दिसायला छान, पण उन्हाने पिवळं आणि ताठ होतं, मग घडीच्या रेषेवर फाटत जातं. चौकड्यांचं पॉलिथिन जरा बरं. दोन्हींची शिवण सुईने मारलेली असते, त्या भोकांतून जुलैच्या पावसात पाणी आत येतंच. वरचा उतार इतका कमी की मुसळधार सरीत कव्हर मधे खोलगट होऊन पाणी साचतं. दोन लिटर साचलं की आणखी खोलगट होतं, मग आणखी साचतं. शेवटी एक कनेक्टर निघतो.

म्हणून कव्हर घडी करून ठेवा आणि छप्पर वेगळं करा. लागणारा माल: २०० मायक्रॉनची यूव्ही संरक्षित पॉलिहाउस फिल्म, दुकानदाराच्या भाषेत ८०० गेज. घेताना 'यूव्ही आहे का' एवढं विचारून थांबू नका, किती वर्षांची हमी ते विचारा. चांगली फिल्म तीन वर्षं चालते. साधी पारदर्शक प्लॅस्टिक शीट हाताला सारखीच लागते आणि एका उन्हाळ्यात चिंध्या होते. सोबत ४० मेशची (इंचात ४० भोकांची) कीटकरोधक जाळी, ५० टक्के सावलीची शेडनेट, पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि काळे केबल टाय. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअर, दोऱ्या, पाइप मिळून जातात. मे संपता संपता जाऊ नका, तेव्हा ताडपत्री घेणाऱ्यांची झुंबड असते आणि भावही चढलेले असतात. एप्रिल बरा.

छप्पर असं: मागच्या दोन खांबांची उंची तशीच ठेवून पुढच्या दोन खांबांना पीव्हीसीचे जोड देऊन २० सेंमी उंच करा, म्हणजे उतार मागे भिंतीकडे जातो. भिंतीकडे पाणी जायला नको असेल तर उलट करा, मागे उंच, पुढे खाली. उतार किमान पाचास एक हवा, म्हणजे आडव्या ५० सेंमीत १० सेंमी तरी. फिल्म चारही बाजूंनी १५ ते २० सेंमी बाहेर काढा, कारण आपला पाऊस उभा कमी आणि तिरका जास्त पडतो. फिल्मच्या कडा नुसत्या टायने बांधल्या तर भोकं फाटत जातात. कडेत पीव्हीसी पाइपचा तुकडा गुंडाळून घ्या, आणि टाय त्या गुंडाळीला मारा. सांगाड्याच्या ज्या पाइपला फिल्म टेकते तिथे जुन्या होजपाइपचा चिरलेला तुकडा बसवा. काळा रंगवलेला लोखंडी पाइप उन्हात तापतो आणि फिल्म नेमकी तिथेच जळून कातरते.

बाजूंना ४० मेशची जाळी, समोर तीच जाळी पडद्यासारखी, खाली एक पाइप बांधून वजन दिलेली. ही जाळी पांढरी माशी बरीच अडवते, मावा अडवते, फुलकिडे अडवत नाही. ५० मेश घेतलं तर आणखी बारीक किडे थांबतात, पण वारा इतका कमी होतो की ऑक्टोबर हीटमध्ये आतली रोपं माना टाकतात. मुंबईच्या दमट हवेला ४० हीच मर्यादा धरावी. कबुतरांपासून सुटका हा वेगळा बोनस. बोरिवली, मुलुंडकडे राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांनी माकडांसाठी या जाळीवर अवलंबून राहू नये. जाळी लावली तरी वाऱ्याचा जोर शून्य होत नाही, बंद कव्हरपेक्षा कमी होतो इतकंच. वजन आणि दोऱ्या काढायच्या नाहीत.

आता यात ठेवायचं काय? सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला तर २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. अशा पावसात ज्यांची मुळं कुजतात त्यांची ही जागा: अडेनियम, कॅक्टस, युफोर्बिया, एचेव्हेरियासारखी मांसल झाडं, जिरेनियम. अडेनियमच्या फुगीर खोडाला बोटाने दाबून मऊ लागलं की बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून पहिल्या सरीआधीच आत न्यायचं. छपराखाली जुलैत आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरतं, आणि तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच. हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता असते, माती वाळतच नाही. रोज थोडं थोडं पाणी द्यायची सवय इथे झाडं मारते.

ज्यांना आत नेण्याची अजिबात गरज नाही त्यांची यादी मोठी आहे: अळू, हळद, आलं, कढीपत्ता, तगर, अनंत, जास्वंद, कृष्णकमळ, नेचे. त्यांना पावसात भिजू द्या.

पण या रॅकचं खरं मोल रोपं तयार करण्यात आहे. मुंबईत टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी ऑगस्टच्या अखेरीस ते सप्टेंबरमध्ये टाकायचं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये लावणी होते आणि फळं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या गारव्यात धरतात. अडचण अशी की पेरणीच्या त्या दिवसांत पाऊस चालू असतो, आणि उघड्यावर ठेवलेल्या ट्रेमधलं बी एका सरीत उडून जातं. छप्पर असेल तर प्रश्न मिटतो. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या मध्यावर पेरणी करावी लागते, म्हणजे ऐन धारेत. तेव्हाही हीच जागा.

ट्रेसाठी कोकोपीट आणि गांडूळखत दोनास एक. ६५० ग्रॅमची कोकोपीट वीट साडेतीन-चार लिटर पाण्यात फुगवली की आठ-नऊ लिटर माल होतो, तीन ट्रेला पुरतो. स्वस्त विटांमध्ये क्षार असतात, फुगवल्यावर दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्या. न धुता वापरल्यास पहिली खरी पानं कडेने करपतात आणि लोक खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पावडर किलोभर खतामागे ५ ग्रॅम मिसळून, ओलसर ठेवून, आठवडाभर सावलीत मुरवून घेतली तर रोपं कोलमडणं पुष्कळ कमी होतं. कोलमडणं म्हणजे उगवून दोन-चार दिवसांत देठ जमिनीलगत पाण्यासारखा होऊन रोप आडवं पडणं. ट्रे सतत चिंब आणि हवा कोंडलेली असली की ते हमखास होतं, मूळ कव्हर बंद ठेवणाऱ्यांना तर दर वेळी. बी खळीत एकच, अर्धा सेंटीमीटर खोल. टोमॅटो २५ ते ३० दिवसांत लावणीला येतो, मिरचीला ३५ ते ४० लागतात. ट्रे सर्वांत वरच्या कप्प्यावर ठेवा. खालच्या कप्प्यांवर वरच्यांची सावली पडते आणि रोपं उजेडाच्या शोधात लांबट होऊन वाकतात. रॅकचा हा दोष कायमचा आहे, म्हणून चार कप्प्यांपैकी रोपांसाठी धरायचे वरचे दोनच.

किडींत सगळ्यांत त्रासदायक पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी. पावसाळ्यात छपराखालची पानं धुतली जात नाहीत, त्यामुळे कोळ्याला बाहेरच्यापेक्षा आत जास्त आवडतं. आठवड्यातून एकदा पानांच्या खालून पाण्याचा फवारा, आणि दिसलेच तर लिटरमागे ५ मिली नीमतेल, चार थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी. उन्हात नीमतेल मारलं तर पानं भाजतात.

पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या मध्यावर फिल्म काढून, धुऊन, घडी न करता गुंडाळून ठेवा. हिवाळ्यात नुसती जाळी पुरे. मार्चपासून वर ५० टक्के शेडनेट, झाडांच्या शेंड्यांपासून किमान २०-३० सेंमी वर ताणलेली. अंगावर टेकलेली काळी नेट उलट उष्णता खाली देते. हिरवी नेट सगळीकडे मिळते, पण पांढरी मिळाली तर ती घ्या, उजेड जास्त चांगला येतो.

सोसायटीचं एक वाक्यात: गच्ची सामायिक असते, लेखी परवानगी घ्या, रॅक पावसाच्या पाण्याच्या जाळीपासून आणि टाकीच्या वाटेपासून दूर ठेवा. स्लॅबच्या वजनाचा बाऊ एका रॅकपुरता नको, भरलेला रॅक गोण्यांसकट सव्वाशे किलोंचा, म्हणजे दोन माणसांएवढा. पाच-सहा रॅक ओळीने मांडायचे असतील तर ते बीमच्या वर, कडेला मांडा, मध्यावर नको. आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी उडते. कुंड्यांखालच्या ताटल्या, फिल्मवरचा खोलगटा, उघडे कॅन, या तिन्ही जागा पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं सर्वांत आधी पाहतात आणि नोटीस देतात. ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका.

याच वस्तूचा आत उभं राहता येईल असा मोठा प्रकारही मिळतो, सुमारे १४३ सेंमी रुंद आणि १९५ उंच. पाइप तेच, कनेक्टर तेच, वारा धरणारी बाजू अडीचपट. गच्चीवर नकोच. गोराई, मनोरीसारख्या ठिकाणी घरामागे परस असेल, पाय दीड फूट जमिनीत गाडता येत असतील, तर विचार करावा.

आणि ज्यांना एवढा खटाटोप करायचाच आहे त्यांनी मूळ खोकं न घेण्याचाही विचार करावा. दुकानांत माल ठेवायला जे भोकांचे स्लॉटेड अँगल वापरतात त्याचा ६ फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल सांगाडा बनवला तर नट-बोल्टने कप्पे हवे त्या उंचीवर हलवता येतात आणि कप्प्यावर ४० किलो ठेवले तरी तो कुरकुरत नाही. पत्र्याच्या कप्प्यांऐवजी एक इंची जीआय वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) कापून टाका, पाणी खाली निघून जातं. प्लॅस्टिकचा कनेक्टर एकही नाही. खर्च खोक्याहून जास्त येतो, पण वर सांगितलेली फिल्म आणि जाळी दोन्हीकडे सारखीच लागते. अँगल दुकानदाराकडूनच मापाने कापून घ्या आणि कापलेल्या टोकांना तिथेच झिंक प्रायमर लावून घ्या. चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर रविवारी सकाळी कटर चालवलात तर परवानगीचं पत्र परत मागितलं जाईल.